उशिरा भरलेला अर्ज



या व्यासपीठावर आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलू, अशी चालकांची समजूत होती. आम्ही विषय कळविला तो निराळाच. संसारात पडलेल्या, रोज कामावर जाणाऱ्या, वय वाढलेल्या माणसाने दंतवैद्यकाच्या महाविद्यालयात प्रवेश मागावा काय, आणि मागायचा तर कसा, हा तो विषय. चालकांपैकी एकांनी फोन करून विचारले, "पत्रात काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. आम्ही दातांचे डॉक्टर नाही. महाविद्यालयाची पायरीही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. जे थोडेफार शिकलो ते सार्वजनिक वाचनालय, कायद्याची पुस्तके आणि कामगारांची गाऱ्हाणी यांतून. पण हा विषय आमच्या युनियनच्या कचेरीत आपल्या पायांनी चालत आला, आणि पहिल्या खेपेस आम्ही त्याला दारातूनच परत पाठविले. ती हकीकत आधी सांगतो.

२०२३ सालचा उन्हाळा होता. दातांच्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करणारी, आमच्या युनियनची सभासद असलेली एक बाई दुपारी कचेरीत आली. वय एकतीस. आईने जन्मभर विड्या वळल्या. ही बारावीपर्यंत शास्त्र शाखेत शिकली, २०१० साली चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, आणि त्याच वर्षी लग्न होऊन सासरी गेली. पुढे मूल, घर, आणि दवाखान्यातली दहा वर्षांची नोकरी. हत्यारे उकळून ठेवावी, साच्याचे मिश्रण कालवावे, दाढ काढताना रोग्याचा हात धरावा, हे तिचे काम. तिने पिशवीतून बारावीची गुणपत्रिका काढली आणि म्हणाली, "भाऊ, दातांच्या डॉक्टरकीची परीक्षा द्यायचीय. चालेल का या वयात?"

आम्ही काय म्हणालो? "ताई, आता पोरीच्या शिक्षणाचं बघायचं, की स्वतःच्या?" तिने गुणपत्रिका पुन्हा पिशवीत ठेवली, पाणी प्याली आणि गेली. जिना उतरतानाचा तिचा आवाज ऐकला, आणि मग आम्हांला मागची एक गोष्ट आठवली.

२०१८ साली एमआयडीसीतल्या कारखान्यातला एक फिटर असाच आला होता. वय सत्तावीस. त्याला वैद्यकाची किंवा दंतवैद्यकाची 'नीट' परीक्षा द्यायची होती. त्या वेळी पंचविसाच्या वरच्यांस ती परीक्षा बंद करण्याचा नियम आलेला होता; राखीव प्रवर्गांस तीस वर्षांची मर्यादा होती. नियमाविरुद्ध लोक न्यायालयात गेले होते. आम्ही त्याला सांगितले, निकाल लागू दे. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वयाची अट उचलून धरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या वयाच्यांना परीक्षेस बसू दिले, पण ते अंतिम निकालाच्या अधीन राहून. अखेर मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने वरची वयोमर्यादाच काढून टाकल्याचे जाहीर झाले. आता खालची मर्यादा तेवढी आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा वर्षे पूर्ण पाहिजेत. आम्ही मोठ्या आनंदाने त्या फिटरला बोलावून हे सांगितले. तो एकतिसाचा झाला होता, दोन मुले झाली होती. म्हणाला, "भाऊ, चार वर्षांपूर्वी पाहिजे होतं."

नियम बदलला होता, आणि आमचे तोंड मात्र जुन्याच नियमाने बोलत होते. कायदा कामगारांच्या बाजूने झाला तरी मुकादमाला तो दहा वर्षे कळत नाही, अशी आमची नेहमीची तक्रार असते. या बाबतीत मुकादम आम्हीच ठरलो. दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या दवाखान्याच्या सुट्टीच्या वेळी आम्ही जाऊन उभे राहिलो आणि तिची माफी मागितली. त्यानंतर आम्ही या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला. तो आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, दंतवैद्यकाचा धंदा हा मुळातच आडवाटेने आलेल्या माणसांनी उभारलेला आहे. दंतवैद्यक शिकविणारे जगातले पहिले स्वतंत्र महाविद्यालय १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे निघाले. त्यापूर्वी हा धंदा उस्तादाच्या हाताखाली राहूनच शिकत. अमेरिकेतल्याच ल्यूसी हॉब्ज या बाई. शाळेत सुमारे दहा वर्षे शिक्षिका होत्या. वैद्यक शिकायला गेल्या तर बाई म्हणून नाकारले, दंतवैद्यकाच्या महाविद्यालयानेही नाकारले. मग एका दंतवैद्याच्या हाताखाली काम शिकून त्यांनी १८६१ साली स्वतःचा दवाखाना घातला. पुढे आयोवा संस्थानातल्या दंतवैद्यांच्या मंडळाने त्यांना सभासद करून घेतले आणि त्यांच्या प्रवेशासाठी जोर लावला. ज्या महाविद्यालयाने नाकारले होते, त्यानेच त्यांना शेवटच्या वर्गात घेतले. १८६६ साली त्या पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांचे वय बत्तीस-तेहतीस होते. दंतवैद्यकाची पदवी घेणारी जगातली ती पहिली स्त्री. तीन वर्षांनी, १८६९ साली, गुलामीतून आलेल्या आईबापांचा मुलगा रॉबर्ट टॅनर फ्रीमन हार्वर्डच्या दंतशाळेतून बाहेर पडला. त्यालाही आधी दोन ठिकाणी नकार मिळाला होता, आणि तोही एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करता करता शिकलेला होता.

या दोन्ही हकिकतींत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ल्यूसीबाईंच्या मागे एक मंडळ उभे राहिले, आणि फ्रीमनच्या मागे त्याचा मालक असलेला दंतवैद्य उभा राहिला. एकटा अर्ज फेटाळला गेला, आणि पाठीशी माणसे आली तेव्हा तो मंजूर झाला. आम्ही युनियनवाले, ही गोष्ट आम्हांला लगेच समजते.

आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंत महाविद्यालय काढले. ते आयोवा विद्यापीठात शिकून आलेले. पैसा कोठून आणला, तर 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे दुकान चालवून! मुंबईत १९३३ साली निघालेले दंत महाविद्यालय आज नायर रुग्णालयाचे म्हणून ओळखले जाते. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, तेव्हा सरकारपुढे प्रश्न होता की पदवी नसलेल्या, पण वर्षानुवर्षे दात काढणाऱ्या व कवळ्या बसविणाऱ्या माणसांचे काय करावे. कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात पदवीधर. 'ब' भागात असे लोक की ज्यांच्यापाशी पदवी नव्हती, पण ज्यांचे पोट निदान पाच वर्षे मुख्यतः याच धंद्यावर चालले होते. म्हणजे स्वतंत्र भारताने हाताने शिकलेल्या माणसाला एकदा नोंदवहीत जागा दिली आणि मग ते दार बंद केले. बंद केले ते योग्यच केले, असे आमचे मत आहे. आमच्या विडी कामगार बायकांच्या तोंडात अर्धशिक्षिताने चिमटा घालावा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. परीक्षा कडकच असावी. फक्त त्या परीक्षेपर्यंत पोचण्याची शिडी लहान वयाच्या आणि भरल्या खिशाच्या मुलांपुरती नसावी, एवढेच म्हणणे आहे.

आणि लग्न झालेली बाई शिकायला बसली, हे दृश्य नगरला नवे आहे काय? आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले असले तरी ती जुनी आठवण याच शहराची आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरारबाई इथे मुलींच्या शाळा चालवीत. त्या शाळा पाहून जोतिराव फुले प्रभावित झाले. सावित्रीबाईंनीही फॅरारबाईंच्या इथल्या संस्थेत अध्यापनाचे धडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या वेळी त्या लग्न झालेल्या होत्या, आणि 'आता कशाला' असे विचारणारे लोक त्या काळी आजच्यापेक्षा पुष्कळ होते. दुसरे उदाहरण रखमाबाईंचे. अकराव्या वर्षी लग्न. नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला, तो १८८४ पासून चार वर्षे चालला. १८८७ साली न्यायालयाने सांगितले, नांदायला जा नाही तर तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढे तडजोड झाली, आणि १८८९ साली पंचविसाव्या वर्षी त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांच्याही पाठीशी माणसे होती, वर्गणी होती. एकट्याच्या जिद्दीच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. वर्गणीच्या याद्या मात्र सांगायच्या विसरतो.

आता आजच्या अर्जाकडे वळू. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, दंत महाविद्यालयाच्या अर्जात आपण का शिकू इच्छिता याचा निबंध लिहावा लागतो, दंतवैद्यांची शिफारसपत्रे जोडावी लागतात, मुलाखत होते. दवाखान्यात काम केलेल्या माणसाला तिथे चार शब्द सांगता येतात. आपल्याकडे तसे काही नाही. नीट परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण. त्यांतले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक व रसायनाचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीचा एक वजा. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय पाहिजेत आणि तीन शास्त्र विषयांत मिळून पन्नास टक्के पाहिजेत; राखीव प्रवर्गांस चाळीस. पुढे सारे गुणानुक्रमावर. दहा वर्षे हत्यारे हाताळलीत याचा एकही गुण मिळत नाही.

आमच्या त्या बाईला याचे वाईट वाटले. आम्हांला मात्र यात एक न्यायही दिसला. या अर्जात 'इतका उशीर का केला' हा रकाना नाही. परीक्षेच्या पत्रिकेला तुमचे पिकलेले केस दिसत नाहीत. २०२० साली ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ही परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी वैद्यक महाविद्यालयात दाखल झाले, तेव्हा त्यांनाही कोणी कारण विचारू शकले नाही. कारण विचारतात ती घरची माणसे, शेजारी, आणि युनियनच्या कचेरीत बसणारे आमच्यासारखे शहाणे.

अर्जात तो रकाना नसला तरी कागद मात्र पुष्कळ आहेत. हे सविस्तर सांगतो, कारण श्रोत्यांत कोणाच्या घरी असा उमेदवार असेल तर उपयोगी पडेल. शिक्षणात खंड पडला असेल तर मधल्या वर्षांचे शपथपत्र द्यावे लागते. अधिवासाचा दाखला, वैद्यकीय पात्रतेचा दाखला लागतो. राखीव जागेवर जायचे तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि ज्यांना लागू आहे त्यांना उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. लग्न झालेल्या बाईची अडचण अशी की तिचे शाळेचे दाखले माहेरच्या नावाचे आणि आधारपत्र सासरच्या नावाचे. त्यांचा मेळ घालणारा पुरावा आधीच तयार ठेवला नाही, तर प्रवेशाच्या फेऱ्या निघून जातात. जात पडताळणीला इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा कागद शोधावा लागतो. ज्याचा आजा शाळेतच गेला नाही, त्याने तो कोठून आणावा? आमच्या बाईच्या बाबतीत चुलत आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा एका खेड्यात सापडला. त्यासाठी आमचे दोन कार्यकर्ते तीन वेळा एस.टी.ने गेले. म्हणून आमचे सांगणे असे की अभ्यासाला आणि कागदाला एकाच दिवशी सुरुवात करावी.

जागांचेही समजून घ्यावे. सरकारी महाविद्यालयांतल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, बाकीच्या राज्याच्या प्रवेश फेऱ्यांतून. खाजगी महाविद्यालयांचे प्रवेशही राज्याचा सीईटी कक्ष करतो. अभिमत विद्यापीठांचे मात्र दिल्लीची समिती करते. आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि खुद्द नगर येथे दंत महाविद्यालये आहेत. त्यांपैकी लोणीचे अभिमत विद्यापीठाखाली येते. हा फरक कागदी वाटतो, पण पैशाच्या बाबतीत फार मोठा आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला की आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत फेरीतून झाला पाहिजे, आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी निराळ्या योजना आहेत. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. ती व्यावसायिक अभ्यासक्रमांस वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत मिळते. हे आमच्या सभासदांतल्या कितीतरी आयांना ठाऊक नव्हते. तो दोष आमचाच.

शुल्क माफ झाले म्हणजे प्रश्न मिटला काय? बी.डी.एस.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा, पुढे एक वर्ष आंतरवासिता. तो रात्री शिकता येत नाही, पत्राने शिकता येत नाही, नोकरी सांभाळून शिकता येत नाही. हजेरी पाऊणपट भरावीच लागते, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे मजुरी बुडाली. आमच्या बाईला महिना नऊ हजार मिळत. चार वर्षांचे झाले चार लाख बत्तीस हजार. त्यावर वसतिगृह, खानावळ, पुस्तके, हत्यारांचा संच. हा हिशेब आम्ही संपाच्या हिशेबासारखा मांडला. संपाला उतरण्यापूर्वी आम्ही मजुरांना विचारतो, घरात किती दिवसांचे धान्य आहे, दुकानदार किती दिवस उधार देईल, कोणत्या घरात दुसरा कमावता आहे. भाषणाच्या जोरावर संप चार दिवस टिकतो, पुढे तो धान्यावर टिकतो. पाच वर्षांच्या शिक्षणालाही हेच लागू आहे. नुसते "हिंमत धरा" म्हणून कोणाला तिकडे ढकलणे हा गुन्हा होय.

म्हणून हा प्रश्न आम्ही आमच्या कार्यकारिणीपुढे नेला. तिथे वाद झाला, आणि तो खरा वाद होता. एक जुने सभासद म्हणाले, "संपाचा पैसा एका बाईच्या कॉलेजला? उद्या गिरणी बंद पडली तर खायचं काय?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. आम्ही १९२६ चा ट्रेड युनियनचा जुना कायदा काढून दाखविला. सभासदांच्या आणि त्यांच्या अवलंबितांच्या शैक्षणिक लाभासाठी सर्वसाधारण निधी खर्च करता येतो, हे त्याच्या कलम १५ मध्येच लिहून ठेवलेले होते. शंभर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्याला जे सुचले, ते आम्हांला तीस वर्षे कलमे पाठ करूनही सुचले नव्हते. दुसरा आक्षेप असा आला की, एवढ्या उशिरा शिकून ती किती वर्षे काम करणार? सरकारी पैशाची जागा वाया नाही का जाणार?

त्याचा हिशेबही आम्ही फळ्यावर मांडला. तेहतिसाव्या वर्षी प्रवेश, अडतिसाव्या वर्षी पूर्ण डॉक्टर, पासष्टाव्या वर्षापर्यंत काम: सत्तावीस वर्षे. शिवाय कोणा तरुणाचा घास ती हिरावून घेते, असेही म्हणता येत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे आले की देशात बी.डी.एस.च्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या आहेत, आणि न्यायालयाने त्या वर्षापुरती पात्रतेची रेषा दहा पर्सेंटाइलने खाली आणायला लावली. जागा रिकाम्या का राहतात, याचा विचार अर्ज करणाऱ्यानेही करावा. खाजगी शुल्क भारी, आणि नव्या दंतवैद्याला शहरात पहिली काही वर्षे मिळकत थोडी. हे आम्ही त्या बाईपासून लपविले नाही. ती म्हणाली, "शहरात दवाखाना टाकायचाच नाही, भाऊ. आपल्या गल्लीत टाकायचा."

तिच्या या उत्तरात आमच्या विषयाचे मर्म आहे. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायका मिश्री लावतात. दिवसातून पाच-सहा वेळा लावणारी बाई आम्ही पाहिली आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; तरी तो कोणत्या पानटपरीवर मिळतो ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. तोंडाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. पुष्कळदा आधी गालाच्या आत पांढरा चट्टा येतो; सुपारी खाणाऱ्याचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, तिखट सोसत नाही. त्या वेळी कोणी पाहिले तर माणूस वाचू शकतो. पण डॉक्टरांनी विचारले, "तंबाखू, मिश्री?", तर बाया पदर तोंडाला लावून "नाही" म्हणतात. त्याच बाया बाहेर बाकावर बसल्यावर या मदतनीस बाईला खरे सांगतात, कारण हिची आई त्यांच्याबरोबर सुपात पान-तंबाखू घेऊन बसलेली असते. आपल्या गल्लीतल्या तिघींना ती ओढून दवाखान्यात घेऊन आली. एकीच्या गालात चट्टा निघाला, वेळेवर उपचार झाले. ही विद्या कोणत्या गुणपत्रिकेत बसते? बसत नाही. पण जिच्यापाशी ती आहे, तिच्या हाती पदवीची विद्याही आली, तर गल्लीचा केवढा लाभ आहे!

अभ्यासाचे थोडक्यात सांगतो. तेरा वर्षांपूर्वीचे भौतिकशास्त्र पुसून गेले होते. दवाखान्याची वेळ सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ. घरी जागा एकच खोली. आमची कचेरी दुपारी रिकामी असते, कारण कामगार पाळीवर असतात. तिला किल्ली दिली. एक निवृत्त शिक्षक आठवड्यातून तीन दिवस येऊन शिकवीत. मोबदला म्हणून चहा. २०२४ साली ती परीक्षेला बसली आणि पात्रतेच्या रेषेखाली राहिली. त्या दिवशी ती कचेरीत आली नाही; तिचा नवरा किल्ली परत करायला आला. आम्ही किल्ली घेतली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ठेवतो मग." २०२५ साली ती पात्र ठरली, आणि राज्याच्या फेरीतून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खाजगी महाविद्यालयात तिला जागा मिळाली. युनियन महिना चार हजार बिनव्याजी देते, फेड पदवीनंतर. तिची मुलगी आजीजवळ राहते. ते सोपे नाही. मुलगी फोनवर रडते आणि आईही रडते, हे आम्हांला माहीत आहे.

पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवितात. एकेका दाताची उंची, रुंदी, उंचवटे सारे मापात. अठरा वर्षांच्या मुलांचे हात थरथरतात. हिचे बालपण आईशेजारी विडीचे पान कात्रीने मापात कापण्यात गेले. तिचा दात पहिल्या आठवड्यातच मापात आला. शरीररचनेची इंग्रजी नावे मात्र पाठ होत नाहीत, आणि तिथे ती मुले तिला मदत करतात. ती मुले तिला 'ताई' म्हणतात. पाच वर्षे पुरी होतील की नाही, हे आज आम्ही सांगू शकत नाही. नापास होण्याची भीती तिला आहे, आणि आमच्या निधीलाही आहे.

श्रोतेहो, या शहराकडे आम्ही फार मोठे मागणे मागत नाही. ज्या संस्थांच्या खोल्या दुपारी रिकाम्या असतात, त्यांनी त्यांची किल्ली द्यावी. भाई सथ्था रात्रप्रशालेसारख्या शाळांनी या शहरात कामकरी मुलांना रात्री शिकविले. तसे शास्त्र विषय शिकू इच्छिणाऱ्या कामकऱ्यांना एखाद्या महाविद्यालयाने रविवारी आपली प्रयोगशाळा उघडून द्यावी. शहरातल्या दंतवैद्यांनी आपल्या मदतनिसांना परीक्षेपूर्वी महिनाभर भरपगारी रजा द्यावी. इतर युनियनांनी आपापल्या निधीच्या तरतुदी पुन्हा वाचाव्यात. आणि कोणी तिशीचा, चाळिशीचा माणूस गुणपत्रिका घेऊन आपल्यापुढे उभा राहिला, तर पहिले वाक्य तोंडातून काढण्यापूर्वी निदान त्याला बसायला सांगावे. आम्ही त्या दिवशी तिला बसायलाही सांगितले नव्हते.

तो फिटर अजून त्याच कारखान्यात आहे. गेल्या महिन्यात त्याला आम्ही पुन्हा विचारले. तो म्हणाला, "बघू, भाऊ." नीटच्या अर्जाची तारीख आम्ही त्याला लिहून दिली आहे.